जर्मनीतल्या राज्यांची विधानसभा (लांडटाग) नेमकी कशी चालते?

कलमदान

जर्मनीतल्या राज्यांच्या राजकारणाच्या बातम्या वाचताना दर वेळी त्याच ठिकाणी अडायला होतं. बुंडेस्टाग, म्हणजे केंद्रातलं सभागृह, कसं चालतं ते बऱ्यापैकी समजलं आहे. लांडटागचं मात्र गणित जुळत नाही. जाणकारांनी नियमांसकट सांगावं ही विनंती.

१) थ्युरिंगियात फेब्रुवारी २०२० मध्ये एफडीपी या उदारमतवादी पक्षाचा नेता मुख्यमंत्री म्हणून निवडून आला. ९० जणांच्या सभागृहात त्या पक्षाचे आमदार होते ५. हे नियमात बसलं कसं?

२) सॅक्सनीत डिसेंबर २०२४ मध्ये १२० पैकी ५१ आमदारांच्या आघाडीचं सरकार आलं. बहुमत नसताना शपथ कशी घेता येते?

३) राज्यपाल नावाचं पदच नाही. मग सरकार बनवायला कोण बोलावतं आणि सभागृह विसर्जित कोण करतं?

४) विधेयकाचा प्रवास कसा होतो, आणि विरोधी पक्षांच्या हातात खरोखर काय असतं?

---

उंबरठा

पहिले तीन प्रश्न एकाच धाग्यात गुंफलेले आहेत, म्हणून एकत्र घेतो.

आधी एक सावधगिरी. १६ राज्यांना १६ राज्यघटना आहेत. १३ राज्यांत सभागृहाचं नाव लांडटाग, बर्लिनमध्ये आबगेओर्डनेटनहाउस, हाम्बुर्ग आणि ब्रेमेनमध्ये ब्युर्गरशाफ्ट. मुदत पाच वर्षं, एकट्या ब्रेमेनमध्ये चार. सगळीकडे एकच सभागृह. बव्हेरियात सेनेट होतं, ते १९९८ च्या सार्वमताने रद्द ठरलं आणि १ जानेवारी २००० पासून गेलं. एवढं साम्य सोडलं तर 'लांडटागमध्ये असा नियम आहे' असं वाक्य दिसलं की 'कुठल्या?' असं लगेच विचारावं.

राज्याला राष्ट्रप्रमुख नसतो, त्यामुळे सरकार बनवण्याचं निमंत्रण वगैरे प्रकारच नाही. मुख्यमंत्र्याला (मिनिस्टरप्रेझिडेंट) सभागृह थेट निवडतं. मतदान गुप्त असतं आणि बहुतेक राज्यांत त्याआधी चर्चाही होत नाही. म्हणून सगळा खेळ एका प्रश्नावर येऊन ठेपतो: बहुमत कशाचं? तीन प्रकार आहेत.

पहिला, एकूण सदस्यसंख्येचं बहुमत. ९० चं सभागृह असेल तर ४६ 'हो' हवेत. गैरहजर राहिलेला, तटस्थ राहिलेला, कोरी चिठ्ठी टाकलेला प्रत्येक जण इथे विरोधकाइतकाच महाग पडतो.

दुसरा, पडलेल्या मतांचं बहुमत. इथे 'हो'ची संख्या 'नाही'पेक्षा जास्त असली की बहुतेक ठिकाणी काम होतं, आणि तटस्थ राहणं ही मदत ठरते.

तिसरा, ज्याला सर्वाधिक मतं तो.

थ्युरिंगियाच्या घटनेचं कलम ७० म्हणतं की पहिल्या दोन फेऱ्यांत पहिला प्रकार आणि तिसऱ्या फेरीत तिसरा. ५ फेब्रुवारी २०२० ला डावा पक्ष, एसपीडी (सोशल डेमोक्रॅट) आणि ग्रीन मिळून ४२ आमदार होते. पहिल्या दोन फेऱ्यांत त्यांचे उमेदवार, डाव्या पक्षाचे बोडो रामेलो यांना ४६ गाठता आले नाहीत. तिसऱ्या फेरीत एफडीपीचे थॉमस केमेरिश उभे राहिले. एएफडी या कडव्या उजव्या पक्षाचा स्वतःचा उमेदवारही रिंगणात होता, पण त्याला शून्य मतं पडली, कारण त्या पक्षाची मतं केमेरिश यांच्याकडे वळली. निकाल ४५ विरुद्ध ४४, एक तटस्थ. ५ आमदारांच्या पक्षाला मुख्यमंत्रिपद मिळालं ते असं. देशभर गदारोळ झाला, दुसऱ्याच दिवशी त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली, पण नवा मुख्यमंत्री निवडला जाईपर्यंत काळजीवाहू म्हणून तेच राहिले. ४ मार्चला रामेलो तिसऱ्या फेरीतच निवडून आले: ४२ हो, २३ नाही, २० तटस्थ. आकडे नीट पाहा. ४२ हे ९० चं बहुमत नाही, पण तिसऱ्या फेरीत त्याची गरजच नव्हती.

सॅक्सनीत पहिली फेरी सदस्यसंख्येच्या बहुमताची आणि त्यापुढे पडलेल्या मतांच्या बहुमताची. १८ डिसेंबर २०२४ ला सीडीयूचे (ख्रिश्चन डेमोक्रॅट) मिखाएल क्रेत्श्मर दुसऱ्या फेरीत ६९ मतांनी निवडून आले. सीडीयू-एसपीडी मिळून ५१ असताना बाकीची मतं बाहेरून आली. गुप्त मतदानात ती कोणाची हे कागदावर कधीच येत नाही. तिथे दुसरा एक दट्ट्या आहे: सभागृह स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत मुख्यमंत्री निवडला गेला नाही तर लांडटाग आपोआप विसर्जित होतं. त्यामुळे बाहेर राहणाऱ्या पक्षांवरही घड्याळाचा दाब असतो.

गुप्त मतदानाची दुसरी बाजू श्लेस्विग-होल्श्टाइनने दाखवली. १७ मार्च २००५ ला मुख्यमंत्रिपदाच्या उमेदवार हायडे सिमोनिस यांच्या बाजूला ६९ पैकी ३५ आमदार होते. चार फेऱ्या झाल्या. चारही वेळा ३४ मतं. आपल्याच गोटातलं एक मत कोणाचं फुटलं ते आजवर उघड झालेलं नाही. त्यांचं सरकार आलंच नाही. एका मताच्या बहुमतावर करार करताना जर्मन पक्ष आधी आपसात चाचणी मतदान का घेतात, याचं कारण हेच, आणि त्या चाचणीचा भरवसा किती धरावा हेही त्याच दिवशी कळलं.

---

सभापटल

उंबरठा यांच्या उत्तराला बव्हेरिया आणि हेसेनची जोड द्यायला हवी, नाहीतर चित्र एकांगी राहील.

बव्हेरियात मुख्यमंत्री आमदार असलाच पाहिजे असं नाही, पण त्याने वयाची ४० वर्षं पूर्ण केलेली असावी लागतात. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात उलट: वयाची अशी अट नाही, पण तो आमदारांमधूनच निवडावा लागतो. आणखी एक फरक मंत्र्यांचा. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात मुख्यमंत्री आपले मंत्री स्वतःच नेमतो. बव्हेरिया, बाडेन-व्युर्टेंबर्ग, लोअर सॅक्सनी यांसारख्या राज्यांत मंत्रिमंडळालाही सभागृहाची संमती लागते. हेसेनमध्ये सरकारने कामाला लागण्याआधी विश्वासदर्शक ठराव मिळवावा लागतो.

सरकार पाडण्याचे नियमही वेगळे. बहुतेक राज्यांत 'रचनात्मक' अविश्वास ठराव आहे, म्हणजे जुन्याला काढायचं तर त्याच मतदानात नवा मुख्यमंत्री निवडावा लागतो. नुसतं 'हे नकोत' म्हणून भागत नाही. हेसेनमध्ये नुसता अविश्वास ठराव चालतो, पण १२ दिवसांत नव्या सरकारला विश्वास मिळाला नाही तर सभागृहच बरखास्त. बव्हेरियाच्या घटनेत अविश्वास ठराव या नावाचं काही नाही. सभागृहाशी विश्वासाने काम करणं राजकीय परिस्थितीमुळे अशक्य झालं तर मुख्यमंत्र्याने राजीनामा द्यावा, एवढंच लिहिलं आहे.

विसर्जन: बहुतेक ठिकाणी सभागृह स्वतःलाच विसर्जित करतं. इथेही 'बहुमत कशाचं' हा प्रश्न आहेच. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया, हेसेन, बव्हेरिया इथे सदस्यसंख्येचं साधं बहुमत पुरतं. थ्युरिंगियात दोन-तृतीयांश लागतात. २०२१ च्या जुलैमध्ये तिथे मुदतपूर्व निवडणूक ठरली होती, कागदावर डावी आघाडी अधिक सीडीयू मिळून ६३ होते आणि हवे होते ६०. दोन्हीकडच्या काही आमदारांनी आधीच नकार कळवला, एएफडीच्या मतांवर विसर्जन व्हायला नको म्हणून ठराव मागे घेतला गेला आणि अल्पमताचं सरकार तसंच पुढे चाललं.

---

कलमदान

खूप उलगडलं, दोघांचे आभार. एक उपप्रश्न: २०२४ मध्ये थ्युरिंगियात पहिल्याच बैठकीत गोंधळ झाला होता. मुख्यमंत्री निवडण्याचा टप्पा तर फार पुढचा. मग भांडण कशावरून?

---

उंबरठा

अध्यक्षपदावरून. आणि त्याआधी, नियम बदलण्याचा अधिकार सभागृहाला कुठल्या क्षणापासून मिळतो यावरून.

नवं सभागृह पहिल्यांदा भरतं तेव्हा अध्यक्ष नसतो. सर्वांत वयोवृद्ध सदस्य (काही राज्यांत सर्वांत जास्त काळ आमदार असलेला सदस्य) हंगामी अध्यक्ष म्हणून बसतो. त्याचं काम ठरलेलं: बैठक सुरू करणं, गणपूर्ती आहे की नाही ते नावं पुकारून पाहणं, अध्यक्षाची निवड घडवून आणणं, आणि खुर्ची सोडणं.

१ सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत ८८ पैकी ३२ जागा जिंकून एएफडी सर्वांत मोठा पक्ष ठरला. जुन्या कामकाज नियमांत अध्यक्षपदाचं नाव सुचवण्याचा मान सर्वांत मोठ्या पक्षाला होता. बाकीच्यांना मतदानाआधीच तो नियम बदलायचा होता. २६ सप्टेंबरला हंगामी अध्यक्ष एएफडीचे होते. त्यांनी ठराव मांडू दिले नाहीत, गणपूर्तीची नोंदही पुढे ढकलत राहिले. बैठक तासन्‌तास तहकूब होत राहिली. सीडीयू राज्याच्या घटना न्यायालयात गेली. २७ ला रात्री वायमारच्या न्यायालयाने सांगितलं की अध्यक्ष निवडण्याआधीही सभागृह आपले नियम बदलू शकतं. २८ ला बैठक पुन्हा भरली, नियम बदलला आणि सीडीयूचे थादेउस क्योनिग अध्यक्ष झाले.

३२ या आकड्याचं महत्त्व इथेच संपत नाही. ८८ चा एक-तृतीयांश २९.३३. म्हणजे घटनादुरुस्ती, मुदतपूर्व विसर्जन, घटना न्यायालयाच्या न्यायाधीशांची निवड, जिथे जिथे दोन-तृतीयांश लागतात, तिथे हा एक पक्ष एकट्याने दार अडवू शकतो. बातम्यांत 'श्पेर्मिनोरिटेट' हा शब्द येतो तो याचसाठी: अडवणुकीपुरती अल्पसंख्या.

---

तळटीप

चौथा प्रश्न मी घेते. विधेयक.

विधेयक तीन वाटांनी येतं: सरकारकडून, आमदारांकडून (बहुधा एखाद्या फ्राक्त्सिओनकडून, म्हणजे विधिमंडळ पक्षाकडून), किंवा जनतेकडून. मंजूर होणारे बहुतेक कायदे पहिल्या वाटेने येतात, कारण मसुदा लिहिणारी माणसं मंत्रालयात बसतात.

पहिलं वाचन: तत्त्वावर चर्चा. काही वेळा चर्चाही नसते, मंत्र्याचं भाषण लेखी नोंदीला जोडतात आणि विधेयक समितीकडे जातं. मुख्य समिती एक, आणि विषय पसरलेला असेल तर दोन-तीन समित्या 'सल्ला देणाऱ्या'. अंतिम शिफारस मुख्य समितीचीच.

खरं काम समितीत होतं, आणि हे कौतुकाने सांगण्यासारखं आहे. समितीत जागा पक्षांच्या संख्याबळानुसार. तज्ज्ञांची सुनावणी ठरते: कोणाला बोलवायचं याची नावं सगळे पक्ष देतात, विरोधकांनाही आपला वाटा मिळतो. नगरपालिका आणि जिल्ह्यांच्या संघटनांना, विषय त्यांच्याशी संबंधित असेल तर, म्हणणं मांडायला मिळतंच. लेखी निवेदनं आधी मागवतात, त्यामुळे सुनावणीच्या दिवशी आमदार भाषणं ऐकत बसत नाहीत, थेट प्रश्न विचारतात. त्यानंतर सत्ताधारी पक्ष दुरुस्त्या आणतात, समिती मत नोंदवते आणि 'बेश्लुसएम्फेलुंग', म्हणजे शिफारस-अहवाल, पूर्ण सभागृहाकडे जातो.

दुसरं वाचन म्हणजे कलमवार चर्चा, दुरुस्त्यांवर मतदान आणि अंतिम मतदान. साध्या विधेयकाला दोन वाचनं पुरतात. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात घटनादुरुस्ती आणि अर्थसंकल्प यांना तीन. मग सही आणि राजपत्र. सही कोणाची तेही राज्यागणिक वेगळं: लोअर सॅक्सनीत कायद्याच्या मूळ प्रतीवर सही लांडटागच्या अध्यक्षाची आणि प्रसिद्धी मुख्यमंत्र्याकडून. कायद्यात तारीख दिलेली नसेल तर तिथे प्रसिद्धीनंतर चौदाव्या दिवशी तो लागू होतो.

कुठे बिघडतं ते आता.

एक, घाईतली कलमं. हेसेनमध्ये २००८ साली कोणालाच स्थिर बहुमत नव्हतं: ११० पैकी सीडीयू ४२, एसपीडी ४२. सीडीयूचे रोलांड कोख काळजीवाहू मुख्यमंत्री म्हणून बसलेले, आणि सभागृहातलं बहुमत मात्र विरोधात. त्या बहुमताने जूनमध्ये विद्यापीठांचं शिक्षणशुल्क रद्द करणारा कायदा मंजूर केला. पण दुरुस्त्यांची जुळवाजुळव करताना शुल्क रद्द करणारं नेमकं वाक्यच अंतिम मसुद्यातून गळलं. कोख यांनी सही नाकारली. दोन आठवड्यांच्या आत पुन्हा बैठक घेऊन दुरुस्त कायदा करावा लागला. मंत्रालयाच्या मदतीशिवाय कायदा लिहिताना शेवटचा एकसंध मसुदा पहिल्या ओळीपासून कोणीतरी वाचावाच लागतो.

दोन, पैशांचा हिशेब. राज्याने नगरपालिकांवर नवं काम टाकलं तर खर्चही द्यायचा, हे तत्त्व सगळ्या मोठ्या राज्यांच्या घटनेत आहे. 'कोनेक्सिटेट' म्हणतात त्याला. समितीत खर्चाचा अंदाज न करता विधेयक पुढे सरकलं की नगरपालिका न्यायालयात जातात. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात लहान मुलांच्या पाळणाघरांच्या विस्तारावरून त्यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये मुन्स्टरच्या घटना न्यायालयात असा खटला जिंकला.

तीन, मुदत संपणं. निवडणुकीपर्यंत जे विधेयक पूर्ण झालं नाही ते बाद होतं. नव्या सभागृहात पहिल्यापासून आणावं लागतं. म्हणून शेवटच्या सहा महिन्यांत नवी मोठी विधेयकं येताना दिसली तर ती मंजुरीसाठी आहेत की प्रचारासाठी, याचा अंदाज बैठकींच्या वेळापत्रकावरून बांधता येतो. लोकांचे अर्ज, ज्यांवर याचिका समिती निर्णय देते, ते मात्र बाद होत नाहीत.

जनतेच्या वाटेचं उदाहरण: बव्हेरियात २०१९ मध्ये मधमाश्या आणि जैवविविधतेसाठी कायद्याचा प्रस्ताव निघाला. १४ दिवसांत मतदारांपैकी १० टक्क्यांनी पालिकेच्या कार्यालयात जाऊन सह्या करायच्या होत्या. १७ लाखांहून अधिक सह्या झाल्या, १८ टक्क्यांच्या वर. आता लांडटागपुढे दोन पर्याय असतात: प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारणं, किंवा सार्वमताला पाठवणं (सोबत स्वतःचा पर्यायी मसुदा जोडता येतो). सभागृहाने जुलैमध्ये तो स्वीकारला.

---

सभापटल

तळटीप यांनी अर्थसंकल्पाचा उल्लेख केला, तिथे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियातला २०१२ चा प्रसंग सांगायलाच हवा. प्रक्रियेतल्या एका पायरीकडे दुर्लक्ष झालं की काय होतं त्याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

२०१० मध्ये एसपीडी आणि ग्रीन मिळून १८१ पैकी ९०. बहुमताला एक कमी. एसपीडीच्या हानेलोरं क्राफ्ट दुसऱ्या फेरीत मुख्यमंत्री म्हणून निवडून आल्या: ९० हो, ८० नाही, डाव्यांचे ११ तटस्थ. (बहुमत कशाचं? पडलेल्या मतांचं.) अल्पमताचं सरकार दोन वर्षं असंच, कधी या तर कधी त्या पक्षाला सोबत घेऊन चाललं.

अर्थसंकल्प खात्यागणिक पुस्तिकांत विभागलेला असतो; प्रत्येकीला 'आइन्झेलप्लान' म्हणतात. दुसऱ्या वाचनात प्रत्येक पुस्तिकेवर वेगळं मतदान. विरोधकांतल्या काहींचा हिशेब असा होता की दुसऱ्या वाचनात विरोधात मत देऊन दबाव आणायचा आणि तिसऱ्या वाचनापर्यंत तडजोड करायची. मतदानाच्या अगदी आधी लांडटागच्या प्रशासनाचं कायदेशीर मत आलं: दुसऱ्या वाचनात एक जरी पुस्तिका फेटाळली गेली तरी संपूर्ण अर्थसंकल्प फेटाळला गेला असं धरलं जाईल, तिसरं वाचन होणारच नाही. जाहीर केलेली भूमिका बदलायला वेळ उरला नव्हता. १४ मार्च २०१२ ला गृहखात्याची पुस्तिका पडली, त्याच दिवशी सभागृहाने एकमताने स्वतःला विसर्जित केलं आणि १३ मे ला निवडणूक झाली.

विरोधकांच्या हातात काय असतं ते थोडक्यात. 'क्लाइनं आनफ्रागं' म्हणजे लेखी प्रश्न, एकटा आमदारही विचारू शकतो. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात सरकारला उत्तरासाठी चार आठवडे. 'ग्रोसं आनफ्रागं' विस्तृत असते आणि तिच्यावर सभागृहात चर्चा होऊ शकते. 'आक्टुएलं श्टुंडं' ही ताज्या विषयावरची चर्चा, लक्षवेधीच्या जवळची. पण सर्वांत धारदार हत्यार म्हणजे चौकशी समिती. बव्हेरिया, हेसेन, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या राज्यांत एक-पंचमांश सदस्यांनी मागणी केली की समिती नेमावीच लागते, बहुमताला नाही म्हणता येत नाही. ही समिती साक्षीदार बोलावते, मंत्रालयाच्या फायली मागवते. सरकारने फायली अडवल्या तर प्रकरण राज्याच्या घटना न्यायालयात.

एक लहान हत्यार लोकांच्या लक्षात येत नाही: गणपूर्ती. निम्म्याहून जास्त सदस्य हजर असायला हवेत, पण कोणी शंका घेईपर्यंत ते आहेतच असं धरतात. रात्री उशिरा रिकाम्या बाकांसमोर एखाद्या पक्षाने शंका घेतली की मोजणी होते आणि आकडा भरला नाही तर बैठक तिथेच संपते. यातूनच प्रतोदांमध्ये आजारी किंवा बाहेरगावी असलेल्या आमदारांच्या जोड्या लावण्याचे समझोते होतात, म्हणजे एका बाजूचा एक गैरहजर तर दुसऱ्या बाजूचाही एक बाहेर.

---

कलमदान

एक शंका राहिली. महत्त्वाचे कर, दिवाणी-फौजदारी कायदे सगळं केंद्राकडे. मग लांडटागकडे ठरवायला उरतं काय? आणि बुंडेसराटमध्ये, म्हणजे केंद्रातल्या राज्यांच्या सभागृहात, लांडटागचे आमदार बसतात का?

---

तळटीप

बुंडेसराटमध्ये लांडटाग नसतं, राज्य सरकार असतं. ६९ मतं, प्रत्येक राज्याला ३ ते ६, आणि एका राज्याची सगळी मतं एकाच बाजूला टाकावी लागतात. मंजुरीला ३५ 'हो' लागतात, त्यामुळे तटस्थ राहणं म्हणजे प्रत्यक्षात 'नाही'. (पुन्हा पहिला प्रकार.) राज्यातल्या आघाडीच्या करारात बहुधा एक कलम असतं: एकमत झालं नाही तर तटस्थ राहायचं. या कलमानेच केंद्रातली अनेक विधेयकं अडतात.

लांडटागकडे मात्र बरंच काही उरतं: शाळा, विद्यापीठं, पोलीस, नगरपालिकांचे कायदे, संस्कृती. १ सप्टेंबर २००६ पासून तुरुंग, सभा-मोर्चे, दुकानं बंद करण्याच्या वेळा, राज्य कर्मचाऱ्यांचे पगार हेही राज्यांकडे आलं. करांपैकी घर-जमिनीच्या खरेदीवरच्या कराचा दर राज्य ठरवतं. ४ लाख युरोंचं घर घेतलं तर बव्हेरियात ३.५ टक्क्यांनी १४,००० युरो, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात ६.५ टक्क्यांनी २६,०००. घर तेवढ्याच किमतीचं, फरक १२,००० युरोंचा, आणि तो लांडटागच्या एका मतदानाने पडतो.

सर्वांत अडचणीची जागा म्हणजे राज्याराज्यांमधले करार, 'श्टाट्सफेरत्राग'. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचं मासिक शुल्क असंच ठरतं. वाटाघाटी मुख्यमंत्री करतात, लांडटागला फक्त हो किंवा नाही म्हणता येतं, स्वल्पविरामही बदलता येत नाही, आणि १६ ही सभागृहांचा होकार लागतो. डिसेंबर २०२० मध्ये १७.५० वरून १८.३६ युरो अशी वाढ १५ राज्यांनी मान्य केली. सॅक्सनी-आनहाल्टमध्ये सत्ताधारी आघाडीतच फूट पडली म्हणून मुख्यमंत्री राइनर हासेलोफ यांनी विधेयक मागे घेतलं. मतदान झालंच नाही, तरी करार कोसळला. पुढच्या उन्हाळ्यात कार्ल्सरूहंच्या केंद्रीय घटना न्यायालयाने वाढ लागू केली.

---

उंबरठा

बहुमताचा आकडा काढताना होणारी एक चूक सांगून ठेवतो. सभागृहाची जागासंख्या बहुतेक राज्यांत ठरीव नसते. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाच्या कायद्यात १८१ आहे, २०२२ मध्ये प्रत्यक्षात १९५ झाल्या, म्हणजे बहुमत ९१ नाही, ९८. बव्हेरियात १८० च्या २०२३ मध्ये २०३. एखाद्या पक्षाने मतांच्या प्रमाणापेक्षा जास्त मतदारसंघ थेट जिंकले की त्या वाढीव जागा राहतात आणि समतोलासाठी इतरांनाही जागा दिल्या जातात. जारलांडमध्ये मात्र ५१ ठाम.

जागा मिळण्यासाठी किमान ५ टक्के मतं लागतात; या उंबरठ्याखाली पडलेल्या पक्षांची मतं वाटपातून गळतात, त्यामुळे निम्म्याहून बरीच कमी मतं असूनही स्पष्ट बहुमत येऊ शकतं. जारलांडमध्ये २०२२ ला ग्रीन पक्ष २३ मतांनी बाहेर राहिला, एफडीपीही ५ टक्क्यांखाली, आणि एसपीडीला ५१ पैकी २९ जागा मिळाल्या. उलट थ्युरिंगियात २०१९ मध्ये एफडीपी ७३ मतांनी आत आली. केमेरिश प्रकरण त्या ७३ मतांवर उभं होतं. श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये डेन आणि फ्रीझियन अल्पसंख्याकांच्या एसएसडब्ल्यू पक्षाला हा उंबरठाच लागू नाही.

---

कलमदान

मूळ कागद वाचायचे असतील तर कुठून सुरुवात करावी?

---

तळटीप

प्रत्येक कागदाला 'द्रुकझाखं' क्रमांक असतो: तिरप्या रेघेआधी कितवं सभागृह, नंतर अनुक्रम. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात २०२२ ला निवडलेलं सभागृह अठरावं, म्हणून सगळे क्रमांक १८ ने सुरू. तिथे विधेयकं, ठराव, उत्तरं यांना 'द्रुकझाखं'. मंत्र्यांनी समितीला पाठवलेल्या अहवालांना 'फोरलागं'. तज्ज्ञांच्या लेखी मतांना 'श्टेलुंगनामं'. समितीच्या इतिवृत्ताला 'आउसशुसप्रोटोकोल'. सभागृहाच्या शब्दशः इतिवृत्ताला 'प्लेनारप्रोटोकोल'.

एका कायद्यासाठी वाचण्याचा क्रम: विधेयकाचं पहिलं पान (समस्या, उपाय, पर्याय, खर्च अशी मांडणी बहुधा तिथेच असते), मग श्टेलुंगनामं, मग समितीची शिफारस, शेवटी दुसऱ्या वाचनाचं इतिवृत्त. श्टेलुंगनामं सोडू नका, विधेयकातल्या कच्च्या जागा तिथे नेमक्या दाखवलेल्या असतात. विधेयक आणि शिफारस शेजारी ठेवली की समितीत काय बदललं ते ओळीओळीला दिसतं. सगळ्या १६ सभागृहांत एकदम शोधायचं असेल तर 'पार्लामेंट्सश्पीगेल' हे त्यांचं सामायिक संकेतस्थळ आहे. भाषा अर्थातच जर्मन, पण क्रमांक हाताशी असला की कागद लगेच सापडतो.